ओपन जिमचा आठ साधनांचा संच: कोणती घ्यावीत, कोणती दुकानातच ठेवावीत

सोसायटीची आरजी (खेळण्या-फिरण्यासाठी राखीव मोकळी जागा) असो, नगरपालिकेची बाग असो की तळ्याकाठचा जॉगिंग ट्रॅक, निळ्या-पिवळ्या पाइपांचा तोच संच सगळीकडे उभा दिसतो: एअर वॉकर, क्रॉस ट्रेनर, चेस्ट प्रेस, लेग प्रेस, ट्विस्टर, शोल्डर व्हील, हॉर्स रायडर आणि सिट-अप बोर्ड. विक्रेते वेगळे, कॅटलॉगमधले फोटो बहुतेक सारखेच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, ह्या संचाचं आहे. निधी मंजूर झाला, कोटेशनं मागवायची आहेत आणि कमिटीत 'आठही घेऊन टाकू' असा सूर लागला आहे, अशांनी आधी हे वाचावं.

निकाल आधीच सांगतो. आठही घेऊ नका. पाच घ्या, आणि वाचलेले पैसे पाइपची जाडी, बेअरिंग, पाया आणि देखभाल ह्या चार गोष्टींत घाला. त्यातूनही काही उरलं तर जवळच्या फॅब्रिकेटरकडून एक सिंगल बार आणि एक डबल बार करून घ्या. त्यांत फिरणारा एकही भाग नसतो, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

संचातलं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे शोल्डर व्हील. ते घ्यायचं ठरताना कमिटीत कोणी फारसं उत्साही नसतं, कारण फोटोत ते साधं चाक दिसतं. पण खांदा आखडलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट जे चाक फिरवायला देतात त्याचाच हा मैदानी अवतार आहे. ज्येष्ठ मंडळी ते नियमानं वापरतात आणि त्यावर पडण्याचा धोका जवळजवळ नाही. एका चाकाला एक आस, त्यात दोन बेअरिंग. बिघडायला जागाच कमी. घेताना इतकंच पाहा की दोन चाकं दोन वेगळ्या उंचीवर असावीत. एक उभ्या माणसाच्या खांद्याच्या किंचित खाली, दुसरं त्याहून वीतभर खाली, म्हणजे बुटक्या माणसाला किंवा खुर्चीत बसलेल्यालाही हात पोचतो. दोन्ही एकाच उंचीवर लावणं हा सोयीचा मामला आहे, तो विक्रेत्याच्या सोयीचा.

लेग प्रेसही चांगला. बसायचं, पाय टेकवायचे, ढकलायचं. सीट मागे झुलते. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ह्या सगळ्या साधनांत वजन कमीजास्त करायची सोय नसते, भार म्हणजे तुमच्याच शरीराचा काही हिस्सा. तो किती, हे दांडीची लांबी आणि सांध्याची जागा ठरवते. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या साठीच्या बाईंना लेग प्रेस पुरेसा होतो, पण तालमीत जाणारा पोरगा चेस्ट प्रेसवर चार दिवस बसतो आणि पाचव्या दिवसापासून त्याच्या पाठीला टेकून मोबाइल बघतो. चेस्ट प्रेसबद्दलची आमची नाराजी तेवढ्यापुरतीच आहे. जिथे येणारे मुख्यतः ज्येष्ठ आहेत तिथे तो ठेवा. तरुण जास्त असतील तर त्याच पैशांत डबल बार येतो आणि व्यायामही खरा होतो. दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं. मल्लखांबासाठी नावाजलेल्या त्या परंपरेला चेस्ट प्रेसची गरज कधी पडली नाही.

एअर वॉकर मात्र नीट समजून घ्या, कारण लोकांची पसंती त्यालाच आणि तक्रारीही त्याच्याच. वरच्या आडव्या नळीला दोन पाय टांगलेले, प्रत्येक पायाला दोन बेअरिंग. चालण्याचा आभास होतो, गुडघ्यावर आदळआपट नाही, म्हणून आवडतो. पण त्याचा झोका आवरायला रबरी स्टॉपर लागतो. स्वस्त संचात तो नसतोच, किंवा स्क्रूने लावलेला रबराचा तुकडा असतो आणि पहिल्या काही महिन्यांत गळून पडतो. स्टॉपर नसला की तरुण मुलं पाय पार आडवे होईपर्यंत झोका घेतात, ज्येष्ठांची जांघ भरते, आणि मुख्य म्हणजे मागून जाणाऱ्या लहान मुलाच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी पायरी वेगानं येते. ह्या संचातली सगळ्यात धोकादायक जागा तीच. म्हणून स्टॉपर वेल्ड केलेल्या डब्यात बसवलेला हवा, नुसता चिकटवलेला नको. आणि पायरीची कड गोल वळवलेली, रबर चढवलेली हवी.

सिट-अप बोर्ड चालेल. हलणारा भाग नाही, दुपारी माळीबुवांना आडवं व्हायला उपयोगी. पत्र्याचा बोर्ड मात्र मे महिन्यात पाठ भाजतो. पाइपच्या पट्ट्यांचा घ्या, पाणीही निथळतं.

ट्विस्टरवर आमचं मत प्रतिकूल आहे. तिघांनी तीन तबकड्यांवर उभं राहून कंबर फिरवायची, ही कल्पना कॅटलॉगमध्ये सुंदर दिसते. प्रत्यक्षात मणक्याचा त्रास असलेली माणसं 'कंबर मोकळी होते' म्हणून त्यावर जोरात गरगर फिरतात, जे त्यांनी अजिबात करू नये. पावसात तबकडी निसरडी होते. आणि त्यावर भार सरळ वरून खाली पडतो. त्यासाठी वेगळं, उभा भार घेणारं बेअरिंग लागतं. स्वस्त संचात साधं एकच बॉल बेअरिंग असतं, तबकडी लवकरच डगमगायला लागते.

हॉर्स रायडर तर सरळ वगळा. बसून पुढे-मागे हलायचं हे यंत्र सांध्यांनी भरलेलं आहे. जितके सांधे तितकी बेअरिंग, तितके बोल्ट, तितकी करकर. मुलं त्यावर दोघं-तिघं बसतात, कारण ते दिसायलाच खेळण्यासारखं आहे. बंद पडलेल्या ओपन जिममध्ये आधी लोंबकळताना दिसतो तो हाच. क्रॉस ट्रेनरची गत थोडी बरी, पण तोही बहुसांधी. घ्यायचाच असेल तर त्याच्या सांध्यांत नायलॉनचे बुश (गोळ्या नसलेल्या साध्या कड्या) आहेत की बेअरिंग, हे उघडून दाखवायला सांगा. बुशचा असेल तर पहिला पावसाळा संपता संपता खडखडायला लागेल.

आता पाइप. कोटेशनमध्ये 'हेवी ड्यूटी एमएस पाइप' (एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं पोलाद) असं लिहिलेलं असतं. त्याला काहीच अर्थ नाही. मुख्य खांब बहुधा चार इंची म्हणतात तो, बाहेरून ११४ मिमी व्यासाचा. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, फरक भिंतीच्या जाडीत. ३ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे ८.२ किलो भरतो, २ मिमीचा सुमारे ५.५ किलो. म्हणजे दीड मीटरच्या खांबात जवळपास चार किलोंचा फरक, आणि तो पैसा विक्रेत्याच्या खिशात. म्हणून कोटेशनमध्ये प्रत्येक साधनाचं निव्वळ वजन किलोत लिहून घ्या आणि माल उतरताना काट्यावर एक-दोन नग चढवा. भाजीमंडईतला काटाही चालतो. हे एकच कलम घातलं तरी हलक्या मालाचे विक्रेते आपोआप गळतात.

गेजच्या भाषेतही फसायला होतं. गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ होतो: १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी. '१६ गेज जास्त चांगला' असं कमिटीत ठासून सांगणारा कोणीतरी असतोच. टेंडरमध्ये गेज नको, मिलिमीटर लिहा: मुख्य खांब किमान ३ मिमी, हलणाऱ्या दांड्या किमान २.५ मिमी, पकडीच्या नळ्या ३२ ते ३८ मिमी व्यासाच्या. पकड ह्याहून जाड झाली की बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मुठीत ती मावत नाही.

गंज बाहेरून कमी, आतून जास्त लागतो. खांबाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी ठोकलेली असते. ती उन्हानं तडकते किंवा मुलं काढून नेतात. मग पावसाळाभर पाणी खांबात साठतं आणि बाहेरचा रंग चकचकीत असतानाच तळाशी पाइप सडतो. एक दिवस खांब पायापाशी वाकतो तेव्हा सगळ्यांना 'अचानक' वाटतं. उपाय दोन आणि दोन्ही स्वस्त: डोक्यावर वेल्ड केलेली लोखंडी टोपी, आणि तळाच्या प्लेटच्या लगेच वर ८ ते १० मिमीचं निचऱ्याचं भोक.

ह्या भोकाचा आणखी एक उपयोग आहे. 'गॅल्व्हनाइज्ड आहे' असं सगळेच सांगतात. खरं हॉट डिप म्हणजे वेल्डिंग पूर्ण झालेलं साधन अख्खं वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवणं. बंद पोकळी तशी बुडवली तर आतली हवा आणि ओल तापून स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यात भोकं ठेवावीच लागतात, आणि जस्त आतूनही चढतं. तेव्हा भोकातून बॅटरी मारून पाहा. आत करडा जस्ताचा थर दिसला तर काम खरं. भोकच नसेल, किंवा आत काळा-तांबूस पाइप दिसत असेल, तर ते हॉट डिप नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे आधीच जस्त चढवलेला जीपी पाइप आणून त्यावर वेल्डिंग करणं. त्यात नेमकं वेल्डच्या जागचं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. हॉट डिपसाठी टेंडरमध्ये आयएस ४७५९ ह्या भारतीय मानकाचा उल्लेख करा.

हॉट डिपवर पावडर कोटिंग करायचं तर जस्ताचा पृष्ठभाग आधी खरवडून किंवा रसायनानं तयार करावा लागतो. ते टाळलं की रंग सालपटासारखा निघतो. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन मागा. मोजायचं यंत्र थर्ड पार्टी तपासणीवाल्यांकडे असतं. कोकणपट्टीत, मुंबई-मालवणपासून पणजीपर्यंत, नुसत्या पावडर कोटिंगवर जाऊच नका. खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसलाही तपकिरी ठिपके पडतात. समुद्र अगदी समोर असेल तर ३१६ किंवा हॉट डिप अधिक रंग हेच दोन पर्याय. सोलापूर-नांदेडकडे गंजाचा त्रास कमी, उन्हाचा जास्त. तिथे सीटकडे लक्ष द्या. फायबरच्या सीटवरचा वरचा थर उन्हानं झिजला की आतले काचेचे तंतू वर येतात आणि बसणाऱ्याच्या मांड्यांना खाज सुटते. अशा ठिकाणी जाड एलएलडीपीई प्लॅस्टिकची मोल्डेड सीट बरी. तीही बोल्टच्या भोकापाशी तडकते, म्हणून बोल्टखाली मोठा, निदान ४० मिमीचा वॉशर हवा.

वेल्डिंग पाहायला इंजिनिअरच लागतो असं नाही. सांध्यावर बोट फिरवा. सलग, खवल्यांसारखी रेघ लागली तर ठीक. गुळगुळीत, फुगीर, रंगाखाली मऊ वाटलं तर चार टाके मारून वर पुटी भरलेली आहे. झोक्याचा भार उलटसुलट पडतो तिथे, म्हणजे एअर वॉकरच्या आडव्या नळीच्या दोन्ही टोकांना आणि खांबाच्या तळाच्या त्रिकोणी पट्ट्यांपाशी, तडे आधी जातात.

बेअरिंगबद्दल बोलायला हवं, कारण ओपन जिम मरते ती बहुतेक वेळा बेअरिंगनं, आणि तेही काही शे रुपयांच्या. बहुतेक साधनांत ६२०४ किंवा ६२०५ क्रमांकाचं बॉल बेअरिंग असतं. ६२०४ ची आतली आस २० मिमी, बाहेरचा व्यास ४७. ६२०५ ची आस २५, बाहेरचा ५२. क्रमांकाच्या पुढची अक्षरं महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. ते धूळ काही अंशी अडवतं, पाणी नाही. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. उघड्यावरच्या साधनाला २आरएसच हवं, आणि त्यावर बाहेरून एक टोपी. दोन्हींच्या किमतीत फरक किरकोळ. तरीही संचात झेडझेड येतं, कारण कोणी विचारत नाही.

बेअरिंग वाजायला लागलं की पहाटे साडेपाचला शेजारच्या इमारतीतून तक्रार येते, आणि मग कोणी खोबरेल, कोणी गाडीचं जुनं ऑइल ओततो. सीलबंद बेअरिंगमध्ये ते तेल आत जातच नाही. बाहेर ओघळतं, धूळ धरतं, लोकांच्या ट्रॅकपँटला लागतं. सीलबंद बेअरिंग वाजलं म्हणजे ते गेलं, बदलायचंच. ग्रीस भरायचं ते फक्त ग्रीस निपल (ग्रीस गन लावायची बारीक तोटी) असलेल्या सांध्यात, साधं लिथियम ग्रीस, जुनं काळं बाहेर पडेपर्यंत. आणि साफसफाईवाल्यांना बजावून ठेवा: प्रेशर पंपाची धार सांध्यावर मारायची नाही. त्या धारेपुढे रबरी सीलचाही टिकाव लागत नाही.

पायाकडे वळू. संच विकणारा 'फिटिंगसह' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतं ते पेव्हर ब्लॉकवर ड्रिल मारून चार अँकर फास्टनर ठोकणं. पेव्हर ब्लॉक ६० मिमी जाड, त्याखाली वाळू. तिथे अँकर कशाला धरणार? योग्य पद्धत अशी: प्रत्येक खांबाला किमान ४५० बाय ४५० मिमी आणि ६०० मिमी खोल खड्डा, तळाशी घट्ट मुरूम, एम२० प्रतीचं काँक्रीट, त्यात १६ मिमीचे जे आकाराचे फाउंडेशन बोल्ट, आणि बोल्ट ओतताना त्यांची जागा धरायला लाकडी किंवा पत्र्याचा साचा. साचा न वापरता बोल्ट 'अंदाजे' उभे केले की प्लेटची भोकं जुळत नाहीत. मग गॅस कटरनं भोकं मोठी करतात आणि खांब आयुष्यभर हलतो. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर साधन चढवायचं नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असल्यामुळे बहुतेकदा नेमकं हेच होत नाही.

काळ्या मातीच्या भागात ६०० मिमी हा आकडा विसरा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया उचलून तिरका करते. मुरूम लागेपर्यंत खणा. फारच खोल असेल तर पायाखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि १५०-१५० मिमीचे थर पाणी मारून ठोका. जांभ्याच्या कातळावर उलट अडचण असते: खणणं महाग म्हणून ठेकेदार वीतभर खणून थांबतो. तिथे कातळात भोक पाडून ग्राउट (पातळ सिमेंटचा घोळ) भरून बोल्ट बसवता येतात, पण ते तसं लिहून घ्यावं लागतं, आणि जांभा भुसभुशीत निघाला तर पुन्हा खड्डा आलाच.

प्लेट जमिनीच्या वर राहायला हवी. काँक्रीटचा माथा आजूबाजूच्या फरशीपेक्षा २५ ते ५० मिमी उंच, चहूबाजूंनी उतार दिलेला. सुबक दिसावं म्हणून प्लेट फरशीखाली गाडतात, तिथे पाणी मुरतं, आणि नट कधी घट्ट करायचा झाला तर फरशी फोडावी लागते.

शहरातल्या सोसायट्यांना आणखी एक सूचना. बाग पोडियमवर असेल, म्हणजे खाली पार्किंग असेल, तर स्लॅबमध्ये एकही भोक पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फाटलं की पहिल्याच पावसात खालच्या गाड्यांवर पाणी, आणि गळती नेमकी कुठून हे शोधण्यात संचापेक्षा जास्त पैसे जातात. पोडियमवर वॉटरप्रूफिंगच्या वर जाळी टाकून साधारण १५० मिमी जाडीची सलग काँक्रीटची पाटी ओतायची आणि बोल्ट त्या पाटीत धरायचे. पण ह्या पाटीचं वजन चौरस मीटरला साडेतीनशे किलोंच्या पुढे जातं. ते स्लॅबला पेलेल का, हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

जागेचा हिशेब सांगताना विक्रेता साधनाचं माप देतो, वापरणाऱ्या माणसाचं नाही. साधनाभोवती सगळीकडून दीड मीटर मोकळं धरा, एअर वॉकरला पुढे-मागे झोक्याच्या टोकापासून मोजून. म्हणजे एका साधनाला १० ते १२ चौरस मीटर लागतात. आठ साधनं म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आसपास. पाचांना साठ पुरतात. जागा कमी म्हणून साधनं खेटून लावली की लेग प्रेसवरच्या माणसाची पाठ क्रॉस ट्रेनरच्या दांडीला लागते. चालण्याच्या ट्रॅकपासूनही दूर ठेवा. ट्रॅकवर चालणारा समोर बघतो, झोक्याकडे नाही.

जागा निवडताना सकाळी तिथे आधीपासून कोण येतं, हे पाहा. हास्यक्लब, योगवर्ग, पत्त्यांचा अड्डा. ह्यांना काही यंत्र लागत नाही. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केलेल्या हास्यक्लबाला आजही लागते ती फक्त मोकळी जमीन. तिच्या मधोमध एअर वॉकर रोवला की वीस-तीस जणांचा रोजचा व्यायाम बंद आणि दोघांचा सुरू, असा व्यवहार होतो. बायकांनी वापरावं असं वाटत असेल तर बसायच्या साधनांची तोंडं रस्त्याकडे किंवा चहाच्या टपरीकडे करू नका, आणि दिवा साधनांवर पडेल असा लावा, झाडाच्या शेंड्यावर नाही. पाठ पश्चिमेला राहील अशी मांडणी केली तर संध्याकाळचं ऊन डोळ्यांत जात नाही.

सावली हवी, पण कोणत्या झाडाची हे पाहून. कडुनिंब, करंज चांगले. जांभूळ किंवा उंबर डोक्यावर असेल तर फळांच्या हंगामात खाली चिखल आणि माश्या. गुलमोहोराच्या फांद्या वादळात मोडतात. पाया खणताना बुंध्याच्या जवळची जाड मुळं तोडू नका, झाड कमकुवत होतं. फांदी आड येते म्हणून परस्पर कुऱ्हाडही चालवू नका; शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

फरशीवर अकारण खर्च होतो. मुलांच्या घसरगुंडीखाली ईपीडीएम रबराची जमीन समजू शकते. लेग प्रेसखाली ती चैन आहे. उतार दिलेले पेव्हर ब्लॉक पुरतात, मीटरला एक सेंटिमीटर उतार. सावलीत शेवाळ धरतं, ते पावसाळ्यात पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासावं लागतं. नुसता मुरूम असेल तर पाय टेकायच्या जागी खळगे पडतात आणि तिथेच पाणी साचतं. सिंगल बारखाली मात्र मऊ जमीन हवीच: ३०० मिमी खोल स्वच्छ वाळू, आणि ती बाहेर सांडते म्हणून अधूनमधून भर. रबरी टाइल लावणार असाल तर कोपरे उचलले जातात आणि त्यांत ठेच लागते, हे लक्षात ठेवा.

मुलांचं काय? ओपन जिमसाठी असलेलं ईएन १६६३० हे युरोपीय मानक १४० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांसाठीच ही साधनं धरतं. आपल्याकडे संध्याकाळी त्यावर सहा-सात वर्षांची मुलं लोंबकळतात. पाटी लावून ती थांबत नाहीत. थांबवायचं असेल तर झोपाळा-घसरगुंडी जवळच पण वेगळ्या कुंपणात हवी, आणि साधनांतल्या फटींकडे लक्ष हवं. हलणाऱ्या दोन भागांमध्ये ८ ते २५ मिमीची फट राहिली की बोट अडकतं. क्रॉस ट्रेनर आणि ट्विस्टरमध्ये ती हमखास सापडते. वयाऐवजी उंचीची रेघ खांबावरच रंगवली तर निदान आजी-आजोबांना अडवायला आधार मिळतो.

किंमत. साध्या साधनांना पंधरा-वीस हजारांपासून आणि जोडीच्या साधनांना चाळीस हजारांपर्यंत कोटेशनं येतात. संपूर्ण हॉट डिप आणि जाड पाइप असेल तर वर जातात. जीएसटी, वाहतूक, पाया, फिटिंग हे सगळं धरून आकडा आहे का, हे विचारल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना करू नका. पाया बहुधा धरलेला नसतो.

देखभालीचा खर्च कोण करणार, हे खरेदीआधी ठरवा. आमदार किंवा नगरसेवक निधीतून सोसायटीत बसलेला संच नेमका कुणाचा, हा प्रश्न पहिला बोल्ट पडल्यावर निघतो. उद्यान विभाग म्हणतो आमचा नाही, सोसायटी म्हणते आम्ही घेतलेला नाही. म्हणून हस्तांतराचं पत्र घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नगवार नोंद करा. नोंद नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचं बिल लेखापरीक्षणात अडकतं.

ठेकेदाराच्या कागदावर 'एक वर्ष गॅरंटी' पुरत नाही. गॅरंटी कशाची, हे लिहा: बेअरिंग, वेल्ड, रंग, सीट, प्रत्येकाचा वेगळा काळ. दोष दायित्व कालावधी, म्हणजे निघालेला दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, असा ठरवा की त्यात दोन पावसाळे पूर्ण येतील. एप्रिलमध्ये बसवलेल्या संचाचं एक वर्ष पुढच्या एप्रिलला संपतं, म्हणजे विक्रेत्याला एकच पावसाळा सोसावा लागतो. बिलातले दहा टक्के तोवर राखून ठेवा. तक्रारीनंतर सात दिवसांत दुरुस्ती, नाही झाली तर साधनाला दोरी बांधून बंद करायची आणि राखीव रकमेतून बाहेरच्याकडून काम करून घ्यायचं, हेही लिहा. साधनाबरोबर प्रत्येक प्रकारची दोन-दोन बेअरिंग, एक सर्क्लिपांचा (बेअरिंग जागी धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांचा) संच आणि सुट्या टोप्या मागून घ्या. बेअरिंगचे क्रमांक खांबावर कायमच्या शाईने लिहून ठेवले तर चार वर्षांनी नवा फिटरही अडत नाही.

रोजची देखभाल माळ्याला जमते. आठवड्यातून एकदा प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहायचा. हलला तर त्याच दिवशी बंद. महिन्याला बोल्ट: १० मिमीच्या बोल्टला १७ चा पाना, १२ ला १९, १६ ला २४. हे तीन पाने बागेच्या खोलीत कुलपात असावेत. नायलॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये, त्यातली नायलॉनची कडी सैल झालेली असते. मेच्या शेवटी खरचटलेल्या जागा घासून जस्ताचा प्रायमर आणि वरून रंग; नुसता रंग फासला तर खाली गंज सुरूच राहतो. ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, वेल्ड आणि तळाच्या प्लेटा. तडा दिसला तर साधन उतरवून, तडा पूर्ण घासून मगच वेल्ड करायचं. बेअरिंग जागेवर ठेवून वेल्ड केलं तर करंट त्यातून जातो आणि ते आतून भाजतं. दुरुस्तीनंतर महिन्याभरात साधन पुन्हा वाजायला लागलं तर कारण बहुधा हेच असतं.